जुन्या कॉम्प्युटरला वेग हवा? फ्लॅश मेमरी नेमकी कुठे लावायची ते पाहा

जूनचा दुसरा आठवडा आला की शहापूर आणि मुरबाडच्या तहसील कचेरीभोवतालच्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर. अकरावी आणि डिप्लोमाचे प्रवेश डोक्यावर असतात. आत बसलेला मुलगा कागद स्कॅन करतो, पीडीएफ लहान करतो, अपलोडचं बटण दाबतो आणि स्क्रीनवर गोल फिरत राहतो. रांगेतली माणसं ‘सर्व्हर डाऊन असेल’ म्हणून गप्प उभी राहतात. पुष्कळदा सर्व्हर खरंच डाऊन असतो. पण स्कॅन केलेली फाइल उघडायलाच मिनिट लागत असेल, तर त्यात सरकारी सर्व्हरचा काही दोष नाही. मंद आहे ती टेबलाखालची पेटी.

अशी पेटी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे: सेवा केंद्रवाले, झेरॉक्सवाले, पतपेढ्या, शाळा, कॉम्प्युटर क्लास आणि घरी एखादा सेकंडहँड डेस्कटॉप घेऊन बसलेले विद्यार्थी. फ्लॅश मेमरी लावून जुना कॉम्प्युटर पळवण्याचे मार्ग बरेच आहेत आणि प्रत्येकाचा कुणी ना कुणी पुरस्कर्ता आहे. कुणी पेनड्राइव्ह लावायला सांगतो, कुणी कॅडी बसवायला, कुणी एनव्हीएमई कार्ड टाकायला. माझं मत आधीच सांगून टाकतो. फ्लॅश किती लावली यापेक्षा ती कुठे लावली याला महत्त्व आहे, आणि आपल्याकडच्या दहांतल्या नऊ यंत्रांसाठी उत्तर एकच आहे: हार्डडिस्क काढून त्या जागी साधी साटा एसएसडी, म्हणजे फ्लॅशची डिस्क, बसवणे. बाकीचे मार्ग कुठे उपयोगी पडतात आणि कुठे पैसे पाण्यात जातात, ते पुढे येईलच.

आधी दुखणं ओळखा

खर्च करण्यापूर्वी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि नेहमीचं काम चालू ठेवून मेमरी आणि डिस्क हे दोन आकडे पाहा. मेमरी निम्मीच भरलेली आणि डिस्क मात्र सारखी शंभर टक्क्यांवर असेल, तर दोष हार्डडिस्कचा. दोन्ही निवांत असून संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष नेटचा किंवा पलीकडच्या सर्व्हरचा. तिथे कितीही महाग एसएसडी लावा, फरक पडणार नाही. माळशेज घाटाच्या पायथ्याच्या गावांत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी हे आधी तपासावंच.

फसवा प्रकार तिसरा. मेमरी नव्वद टक्क्यांवर आणि डिस्कही शंभरावर. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला माल हार्डडिस्कवर उतरवते आणि लागेल तेव्हा परत वर घेते. त्यामुळे खरा रोग रॅमचा असूनही धाप हार्डडिस्कला लागलेली दिसते. अशा यंत्रात एसएसडीने आराम पडतो, पण औषध रॅमच आहे. ४ जीबीचं यंत्र असेल तर ८ करा. जुन्या डीडीआर३ रॅमच्या पट्ट्या सेकंडहँडही मिळतात. मात्र विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ती वापरणारच नाही; रॅम घेण्याआधी हे बघून घ्या.

हार्डडिस्क इतकी का रखडते? लॅपटॉपमधली साधी हार्डडिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा. हेड योग्य पट्ट्यावर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद जातात. त्यानंतर हवा असलेला तुकडा त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा. एका सेकंदात जेमतेम साठ वेगवेगळ्या जागा वाचून होतात. एक तुकडा ४ किलोबाइटचा धरला तर सेकंदाला अडीचशे किलोबाइटसुद्धा नाहीत. जाहिरातीत सेकंदाला १०० एमबी लिहिलेलं असतं ते एखादी मोठी फाइल सलग वाचतानाचं. विंडोज सुरू होणं, क्रोम उघडणं, अँटिव्हायरसची तपासणी ही सगळी कामं मात्र हजारो बारीक तुकडे चहूकडून गोळा करण्याची आहेत. फ्लॅशमध्ये फिरणारं काही नाही. कुठलाही तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येतो. सगळा फरक या एका गोष्टीत आहे. एसएसडीच्या खोक्यावर छापलेले मोठमोठे आकडे त्यामानाने दुय्यम.

पेनड्राइव्हचा उपाय

‘पेनड्राइव्हची रॅम बनवा’ अशा मथळ्याचे व्हिडिओ अजून फिरतात. त्यामागे रेडीबूस्ट नावाची सोय आहे. मायक्रोसॉफ्टने ती २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आणली. पेनड्राइव्ह लावायचा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये रेडीबूस्ट चालू करायचं, की विंडोज वारंवार लागणाऱ्या तुकड्यांची एक प्रत त्यावर ठेवते. कल्पना मूर्खपणाची नव्हती. ४ किलोबाइटचे तुकडे सेकंदाला किमान अडीच एमबीच्या वेगाने वाचणारा पेनड्राइव्हच चालेल अशी अट होती, आणि वर काढलेल्या अडीचशे किलोबाइटच्या हे दसपट होतं. प्रत मूळ डिस्कवरही असते आणि पेनड्राइव्हवरची सांकेतिक रूपात असते, म्हणून पेनड्राइव्ह उपटला तरी काही गमवावं लागत नाही.

पण ती सोय ५१२ एमबी रॅमच्या काळातली. त्या यंत्रांना तिचा खरोखर हातभार लागायचा. पेनड्राइव्ह लावून रॅम वाढत नाही, तेव्हाही वाढत नव्हती. आज ४ जीबी रॅमच्या यंत्रावर रेडीबूस्ट लावून पाहिलं तर फरक दिसतो की नाही यावर वाद घालावा लागतो. सिस्टिमची डिस्क आधीच पुरेशी वेगवान असेल तर विंडोज स्वतःच ‘गरज नाही’ म्हणून नकार देते. घरात पेनड्राइव्ह पडलेला असेल तर हौस म्हणून लावून पाहा. त्यासाठी नवा विकत घेऊ नका.

याच जातीचे आणखी काही प्रयोग होऊन गेले. इंटेलने २००७ मध्ये टर्बो मेमरी नावाचं १ जीबीचं कार्ड लॅपटॉपात घालून पाहिलं. ते फार चाललं नाही. सीगेटने २०१० मध्ये हार्डडिस्कच्या पोटातच ४ जीबी फ्लॅश घालून हायब्रिड डिस्क काढली. २०११ मध्ये इंटेलच्या झेड६८ बोर्डांवर लहानशी एसएसडी मोठ्या हार्डडिस्कपुढे लावायची सोय आली. २०१७ मध्ये ऑप्टेन आली. ती काटेकोरपणे फ्लॅश नव्हे, वेगळ्या जातीची मेमरी आहे, पण काम तेच. त्या वेळी काही जाहिरातींत ४ जीबी रॅम आणि १६ जीबी ऑप्टेन यांची बेरीज करून ‘२० जीबी मेमरी’ असं छापलेलं असायचं. अशा बेरजेला भुलून घेतलेले लॅपटॉप आज सेकंडहँड बाजारात येतात. असा लॅपटॉप हाती आला तर ऑप्टेनची पट्टी थेट उपटू नका. आधी इंटेलच्या सॉफ्टवेअरमधून ती बंद करा, नाहीतर यंत्र सुरूच होणार नाही.

या सगळ्यांतली युक्ती एकच: विहीर लांब आहे म्हणून वाटेत पिंप भरून ठेवणं. पिंपातलं संपलं की पुन्हा चालत विहिरीवर जावं लागतंच. फ्लॅश सोन्याच्या भावाची होती तोवर पिंप परवडायचं. आज आख्खी हार्डडिस्क फ्लॅशची घेणं सामान्य दुकानदाराच्या आवाक्यात आहे.

साटा एसएसडी, म्हणजे सरळ मार्ग

डेस्कटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसवणं हे स्क्रू ड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणाचंही काम आहे. साटाची एक केबल बोर्डाला आणि एसएमपीएसमधून येणारी एक वीज केबल. एसएसडी आडवी, उभी, उलटी कशीही बसली तरी चालते, कारण आत हलणारं काही नाही. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय आहे ना ते बघा. आयडीई असेल तर बदला, पण विंडोज टाकण्याआधी. नंतर बदललात तर ती बहुधा सुरू होणार नाही.

आपल्याकडच्या जुन्या असेंबल्ड यंत्रांत एच६१ चिपसेटचे बोर्ड पुष्कळ आहेत. त्यांचा साटा निम्म्या वेगाचा असतो: नव्या बोर्डावर ५५० एमबीपर्यंत जाणारी एसएसडी तिथे २७० च्या आसपास थांबते. याचं वाईट वाटून घेऊ नका. बारीक तुकडे झटपट मिळणं हा खरा फायदा आहे आणि तो जवळजवळ पूर्ण मिळतो. ‘बोर्ड जुना आहे, एसएसडी लावून उपयोग नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

लॅपटॉपात जुनी डिस्क काढून त्याच जागी एसएसडी जाते. ती सात मिलिमीटर जाड असते. जुन्या लॅपटॉपातला साडेनऊचा खण थोडा सैल वाटला तर सोबत मिळणारी चौकट चिकटवा. डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी, म्हणजे दुसरी डिस्क धरणारी चौकट, बसवायची युक्ती अनेक तंत्रज्ञ सुचवतात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना ती उपयोगी आहे, कारण त्यांना मोठी जागा आणि वेग दोन्ही हवं. अशा वेळी एसएसडी मूळ खणात आणि हार्डडिस्क कॅडीत, असाच क्रम ठेवा. डीव्हीडीची जोडणी काही लॅपटॉपांत कमी वेगाची असते आणि काहींत तिथून विंडोज सुरूही होत नाही. कॅडी साडेनऊ आणि पावणेतेरा मिलिमीटर अशा दोन जाडींत येते. ड्राइव्ह बाहेर काढून पट्टीने मोजल्याशिवाय मागवू नका. ज्यांचं काम अर्ज आणि हिशेबांचं आहे त्यांनी कॅडीच्या नादी लागू नये. कॅडीत सतत फिरणारी ती हार्डडिस्क बॅटरीच खाते.

एम.२ नावाची च्युइंगमच्या कांडीएवढी पट्टी नव्या लॅपटॉपांत असते. गोंधळ असा की तशाच दिसणाऱ्या पट्टीत दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई, आणि अनेक खाचा एकच जात घेतात. पट्टीवरच्या कटांवरून अंदाज बांधता येतो, पण भरवसा ठेवावा तो लॅपटॉपच्या मॅन्युअलवर. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब खाचेत कार्ड घालून जुन्या डेस्कटॉपला एनव्हीएमई जोडता येते हे खरं. मात्र साधारण २०१५ च्या आधीच्या बोर्डांवरून तिच्यावरची विंडोज बहुतेक वेळा सुरूच होत नाही. आणि झाली तरी सेकंदाला ३,५०० एमबीचा तो वेग सातबारा काढताना कुठेही जाणवत नाही. व्हिडिओवाले सोडले तर त्या खटाटोपात पडू नये.

यूएसबीवरची एसएसडी हा मधला रस्ता. पेटी उघडायची नसेल, वॉरंटी मोडायची नसेल किंवा शाळेच्या यंत्राला हात लावायची परवानगी नसेल, तर निळ्या यूएसबी ३ पोर्टात एसएसडी लावून तिच्यावर लिनक्स टाकता येते आणि छान चालते. विंडोजला मात्र बाहेरच्या डिस्कवरून चालणं रुचत नाही. काळ्या यूएसबी २ पोर्टात तर एसएसडी सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या पुढे जात नाही.

एका वर्गाला यातलं काहीच लागू नाही. स्वस्तात मिळालेले ३२ किंवा ६४ जीबीचे छोटे लॅपटॉप. त्यांची साठवण बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, बदलता येत नाही. बाजूच्या खाचेत मेमरी कार्ड घालून फोटो आणि पीडीएफ तिकडे हलवा. त्याने वेग वाढणार नाही, पण विंडोजच्या अपडेटला जागा मिळेल आणि यंत्र अडून बसणार नाही.

खरेदी आणि स्थलांतर

भाव महिन्या-महिन्याला हलतात म्हणून आकडे लिहीत नाही. आकाराबद्दल मात्र सांगतो: १२० जीबी घेऊ नका, वर्षभरात भरते. दाखले आणि टायपिंगच्या कामाला २४० किंवा २५६ पुरते, फोटो स्टुडिओला ४८० च्या पुढची घ्या. शहापूरकरांना आसनगावहून लोकलने दादर आणि तिथून ग्रँट रोड केलं की लॅमिंग्टन रोड जवळ आहे. मुरबाडहून एसटीने कल्याण गाठलं तरी भागतं. एसएसडी ‘किती दिवस टिकेल’ ही भीती अकारण आहे. २४० जीबीच्या साध्या एसएसडीवर कंपन्या साधारण ८० टेराबाइट लिहिण्याची मर्यादा देतात. रोज १० जीबी लिहिलंत, आणि सेवा केंद्रात इतकं क्वचितच होतं, तर वर्षाला पावणेचार टेराबाइटही होत नाहीत. त्या हिशेबाने वीसएक वर्षं निघतात.

भीती बाळगायची ती नकली मालाची. ऑनलाइन ‘२ टीबी’ म्हणून अतिस्वस्त मिळणाऱ्या वस्तूंच्या आत कधीकधी एक लहानसं मेमरी कार्ड असतं आणि त्याचं सॉफ्टवेअर खोटी क्षमता सांगतं. खरी जागा संपली की पुढचं सगळं गायब. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम आख्खी डिस्क भरून, परत वाचून खरं-खोटं करतो. कुठलीही अनोळखी डिस्क कामाला लावण्याआधी रात्रभर तो चालवा, आणि जीएसटीचं बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

जुनी विंडोज जशीच्या तशी नव्या डिस्कवर आणायला क्लोनझिलासारखी मोफत साधनं आहेत. पण मोठ्या डिस्कवरून लहान एसएसडीवर जाताना आधी पार्टिशन लहान करावं लागतं, आणि वर्षानुवर्षांचा कचराही सोबत येतो. यंत्र फारच बिघडलेलं असेल तर नव्याने विंडोज टाका. त्याआधी मात्र पुढची कामं केलीच पाहिजेत. टॅली वापरत असाल तर तिचं लायसन्स आधी सरेंडर करा, कारण ते यंत्राशी बांधलेलं असतं. जुनी मराठी पत्रं, ग्रामसभेचे ठराव, लग्नपत्रिका यांच्या फाइली युनिकोडमध्ये नसतील, तर त्या ज्या फॉन्टमध्ये आहेत तो फॉन्ट जपून ठेवा. नाहीतर नव्या यंत्रावर ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. अंगठ्याच्या मशीनचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं तेही लिहून ठेवा. हे काम जूनमध्ये काढू नका. मे महिन्यात, एखाद्या रविवारी.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि एसएसडी लावली म्हणून जुनं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. तिथे टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसर मागतात. मग जुन्या यंत्रावर खर्च का करायचा? कारण साटा एसएसडी उद्या उपटून पुढच्या यंत्रात लावता येते. विद्यार्थ्यांच्या आणि शाळेच्या यंत्रांवर लिनक्स टाकली तर ती अजून काही वर्षं सहज चालतील. सेवा केंद्र, पतपेढी, जिथे लोकांचे पैसे आणि आधार आहेत, तिथे मात्र नव्या यंत्रासाठी बाजूला पैसे टाकायला आतापासून सुरुवात करावी.

पावसाळ्यात वीज मिनिटाला जाते-येते. हार्डडिस्क मरताना बहुधा आधी खरखर करते, चार दिवस इशारा देते. एसएसडी गेली तर एका क्षणात जाते, आणि तिच्यातून माल परत काढणं हार्डडिस्कपेक्षा कितीतरी अवघड. लिहीत असताना वीज खंडित होणं साध्या एसएसडीला मानवत नाही. म्हणून दहा मिनिटं टिकणारा यूपीएस हा या खर्चाचाच भाग समजा. तेवढे पैसे नसतील तर एसएसडी एक महिना उशिरा घ्या.

बॅकअपसाठी नवं काही घ्यायला नको. काढलेली जुनी हार्डडिस्क यूएसबीच्या डबीत घाला, आठवड्यातून एकदा सगळं तिच्यावर उतरवा आणि केबल काढून कपाटात ठेवा. ती सतत जोडलेली राहिली तर व्हायरस दोन्हीकडचं एकदम खातो. आणि भंगारात तर ती मुळीच देऊ नका: त्या डिस्कवर अर्ध्या गावाचे आधार, पासबुकं आणि सातबारे आहेत. क्विक फॉरमॅटने ते पुसले जात नाहीत, फक्त दिसेनासे होतात. द्यायचीच असेल तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, त्याला काही तास लागतात, आणि डिस्क बंद पडलेली असेल तर ड्रिलने तिच्या आतल्या तबकड्यांना आरपार भोकं पाडून मगच फेका.